डाफ्ट पंकचा 'होमवर्क': पहिल्याच अल्बममध्ये गुरूंची हजेरी

कानसेन:

मागे एका चर्चेत मी लिहून गेलो होतो की, इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत कुठून ऐकायला सुरुवात करावी असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून डाफ्ट पंकचा 'होमवर्क' सांगेन. त्यावर रानवाट यांनी सरळच लिहिलं की दोन गाणी ऐकली, तेच तेच चाललं होतं, बंद केलं. त्यांना तिथेच उत्तर द्यायला बसलो आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागा काढतोय.

ज्यांनी फक्त नाव ऐकलंय त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. डाफ्ट पंक म्हणजे पॅरिसचे दोन मित्र, तोमा बांगाल्तेर आणि गी-मानुएल द ओमेम-क्रिस्तो. १९८७ मध्ये पॅरिसच्या लिसे कार्नो या शाळेत त्यांची गाठ पडली. पुढे लॉरां ब्रांकोविट्झ या मित्राला घेऊन त्यांनी गिटारचा बँड काढला, 'डार्लिन'. नाव बीच बॉइज या अमेरिकन बँडच्या गाण्यावरून घेतलेलं. १९९३ मध्ये 'मेलडी मेकर' या ब्रिटिश साप्ताहिकाने त्यांच्या वाजवण्याला 'डाफ्ट पंकी थ्रॅश' म्हटलं, म्हणजे बावळट पंकछाप धडधडाट. बँड मोडला, ब्रांकोविट्झ पुढे फीनिक्स या बँडमध्ये गेला, आणि या दोघांनी तीच शिवी उचलून आपल्या दारावर पाटी म्हणून लावली.

त्याच वर्षी पॅरिसजवळच्या युरो डिस्नीत एक रेव्ह पार्टी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक संगीतावरची रात्रभराची नाचपार्टी, झाली. तिथे ग्लासगोच्या सोमा रेकॉर्ड्स या छोट्या संगीत कंपनीच्या स्टुअर्ट मॅकमिलनच्या हातात त्यांनी आपली टेप दिली. १९९४ मध्ये सोमाने 'द न्यू वेव्ह' काढलं, १९९५ मध्ये 'दा फंक'. केमिकल ब्रदर्स ही इंग्लंडची जोडी ते आपल्या कार्यक्रमांत वाजवू लागली आणि मोठ्या कंपन्यांची रांग लागली. १९९६ मध्ये व्हर्जिनशी करार झाला आणि जानेवारी १९९७ मध्ये 'होमवर्क' आला. सोळा तुकडे, जवळपास ७४ मिनिटं. दोघंही तेव्हा बावीस वर्षांचे होते.

नावाबद्दल एवढंच सांगतो की ते शब्दशः खरं आहे. हे संगीत कुठल्या बड्या स्टुडिओत झालेलं नाही, बांगाल्तेरच्या घरी, झोपायच्या खोलीत झालंय. शाळेचा गृहपाठ आपण जिथे बसून करतो तिथेच. आणि अल्बम करायचा असं ठरवूनही ते बसले नव्हते. सुटी गाणी करत गेले, ती साठली, मग क्रम लावला.

आता 'तेच तेच' बद्दल.

'अराउंड द वर्ल्ड' घ्या. सात मिनिटांहून जरासं मोठं. शब्द तीनच, आणि अल्बममधल्या आवृत्तीत ते १४४ वेळा येतात. वाचताना ही शिक्षाच वाटते. पण हेडफोन लावा आणि शब्दांकडे अजिबात लक्ष देऊ नका. सुरुवातीला सगळं दबलेलं ऐकू येतं. शेजारच्या खोलीत कुणीतरी गाणं लावलंय आणि दार बंद आहे, असं. मग ते दार सावकाश उघडतं. आवाजाची पातळी साधारण तीच राहते, पण वरचे चकचकीत सूर थोडे थोडे आत यायला लागतात. दार पूर्ण उघडलं की बेसलाइन, म्हणजे खालच्या सुरांची चाल, खोलीत शिरते, आणि माझ्यासाठी गाण्याचा नायक तीच आहे. चढते, उतरते, मध्येच एक गिरकी घेते. पुढची सगळी मिनिटं या मोजक्याच मंडळींची ये-जा आहे: ठेका, बेस, गिटारसारखा खाजरा तुकडा, वरचा की-बोर्ड आणि तो यांत्रिक गळा. एक जण बाहेर गेला की उरलेल्यांचा चेहरा बदलतो. बेस काढून घेतल्यावर तेच तीन शब्द एकदम पोरके वाटतात, आणि बेस परतला की तेच शब्द नाचायला लागतात. शब्द बदललेले नसतात, त्यांच्या पायाखालची जमीन बदललेली असते.

पण मी हा अल्बम सुचवतो त्याचं खरं कारण दुसरंच आहे. नवव्या क्रमांकावर 'टीचर्स' आहे, तीन मिनिटांपेक्षा लहान. चाल अशी नाहीच. ठेक्यावर यंत्रातून बदललेले आवाज नावं घेत जातात, ज्या डीजे-संगीतकारांकडून हे दोघं शिकले त्यांची. पॉल जॉन्सन, डीजे फंक, डीजे स्नीक, लिल लुईस, जेफ मिल्स, रॉबर्ट हूड, डेरिक कार्टर, टॉड एडवर्ड्स, रोमँथनी… चाळीसच्या आसपास नावं. बरेचसे शिकागोचे, काही डेट्रॉइटचे, आणि मध्येच ब्रायन विल्सन, जॉर्ज क्लिंटन, डॉक्टर ड्रे. ब्रायन विल्सन बीच बॉइजचा, म्हणजे 'डार्लिन'च्या दिवसांतला धागाही त्यांनी तोडलेला नाही. आणि अशी नावं घ्यायची कल्पनासुद्धा एका गुरूचीच आहे. शिकागोच्या पॅरिस मिचेलच्या 'घेटो शाउट आउट'मध्ये हाच प्रकार आहे, आणि खुद्द पॅरिस मिचेलचं नाव या यादीत आहे.

पहिल्या अल्बममध्ये माणूस 'मी कसा वेगळा' हे दाखवायला जिवाचा आटापिटा करतो. हे दोघं अल्बमच्या मधोमध थांबतात आणि आम्ही कुणाकुणाकडून शिकलो ते सांगतात. मला ते फार मोठं वाटतं. शिवाय ऐकणाऱ्याच्या हातात पुढचा अभ्यासक्रम पडतो. मी ती नावं वहीत उतरवून घेतली होती आणि एकेकाला शोधत गेलो. माझ्या ऐकण्याची निम्मी अधिक वाट त्या एका पानातून फुटली आहे.

तुमचं काय मत? न आवडलेल्यांनी तर नक्कीच लिहा.

रानवाट:

ती दोन गाणी बंद करणारी मीच. धागा काढल्याबद्दल मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

तरी शंका आहेच. दार उघडण्याचं वर्णन वाचून मी आत्ता 'अराउंड द वर्ल्ड' पुन्हा लावलं. पहिलं मिनिट तुम्ही म्हणता तसंच ऐकू आलं आणि छान वाटलं. पण तिसऱ्या मिनिटानंतर माझं मन पुन्हा भरकटलं. विलंबित ख्यालात एकच ओळ अर्धा तास चालते आणि मला कंटाळा येत नाही, कारण गाणारा दर वेळी काहीतरी नवीन मांडतो. इथे मांडणारं कुणी दिसत नाही. यंत्र एकदा लावून दिलं आणि ते चालू राहिलं, असं वाटतं. माझं नेमकं काय चुकतंय?

ठेका:

रानवाटताई, तुमचं काही चुकत नाही. ख्यालाशी तुलना करून ऐकलं की अपेक्षाभंग होणारच, कारण ख्यालात लक्ष गळ्यावर असतं आणि इथे ते मिक्सरवर बसलेल्या हातांवर ठेवावं लागतं. यंत्र लावून दिलेलं नसतं, कुणीतरी सतत बटणं फिरवत असतं. तेच त्यांचं वाजवणं.

मी हौशी आहे, घरी संगणकावर असले प्रयोग करतो. एकदा ठरवलं की 'होमवर्क'च्या धाटणीचं एक गाणं करून बघायचं. चार मात्रांचा लूप केला, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा. किक (मोठ्या ड्रमचा ठोका), हायहॅट (छोट्या झांजा), टाळी, बेस. दहा सेकंद झकास वाटला. एक मिनिटाने मलाच नकोसा झाला. मग त्यात नवीन वाद्यं घालत गेलो आणि ते आणखी बिघडलं. तीन रात्रींनंतर कळलं की चूक लूपमध्येच होती. ज्याच्यावर सात मिनिटं उभं राहायचंय तो लूपच तसा हवा, त्यात कुठेतरी एक स्वर किंचित उशिरा किंवा अनपेक्षित जागी पडायला हवा, म्हणजे कान दर फेरीला त्याची वाट बघतो. 'अराउंड द वर्ल्ड'च्या बेसमध्ये ती गिरकी आहे ना, ती हे काम करते. असा लूप सापडेपर्यंत शेकडो टाकून द्यावे लागतात. घरात, वेळेचं भाडं न भरता काम करण्याचा फायदा तो हाच.

आता दाराबद्दल. त्याला फिल्टर म्हणतात. एक गोल बटण असतं, ते एका बाजूला फिरवलं की ठरावीक उंचीच्या वरचे सगळे सूर कापले जातात, फक्त खालचं घुमणं उरतं. उलट फिरवलं की वरचे सूर परततात. बटण कधी सुरू करायचं आणि किती वेळात पूर्ण उघडायचं, यात सगळी गंमत आहे. लवकर उघडलं तर वाया, फार ताणलं तर लोक नाचायचे थांबतात. अल्बमचा पहिलाच तुकडा 'डाफ्टेंडिरेक्ट' ऐका. तो त्यांच्या प्रत्यक्ष कार्यक्रमातला आहे, बेल्जियममधल्या गेंटचा, 'आय लव्ह टेक्नो'मधला. एकच वाक्य पुन्हा पुन्हा येतं आणि खालून ठेका हळूहळू वर सरकत येतो. समोर गर्दी आहे हे डोक्यात ठेवून ऐकलं की तो संयम जाणवतो.

दुसरी गोष्ट कॉम्प्रेसरची, म्हणजे आवाजाचे चढ-उतार आवळणाऱ्या यंत्राची. किकचा ठोका पडला की बाकीचं सगळं क्षणभर दबतं आणि लगेच वर उसळतं. त्यामुळे अख्खं गाणं श्वास घेतल्यासारखं आतबाहेर होतं. हाऊस म्हणजे शिकागोत जन्मलेलं, सारख्या ठोक्यांवर चालणारं नृत्यसंगीत. त्याच्या फ्रेंच शाखेची, फ्रेंच हाऊसची, ही खूणच झाली पुढे.

पश्चिमरंग:

रानवाट यांना माझा एक उपाय. ऐकून जमत नसेल तर बघा. 'अराउंड द वर्ल्ड'चा व्हिडिओ मिशेल गोंद्रीने केलाय, नृत्यरचना ब्लांका लीची. एक गोल रंगमंच आहे, तबकडीसारखा, आणि नाचणाऱ्यांचे पाच गट. प्रत्येक गट म्हणजे एक वाद्य. यंत्रमानव म्हणजे तो गळा, ते शब्द सुरू झाले की गोल फिरतात. खेळाडूंच्या वेशातले उंच लोक म्हणजे बेस. बेस चढला की ते पायऱ्या चढतात, उतरला की उतरतात. जलतरणाच्या पोशाखातल्या मुली म्हणजे वरचा की-बोर्ड, सांगाडे म्हणजे गिटार, आणि गुंडाळलेल्या ममी म्हणजे ड्रम मशीन.

मी हे गाणं आधी कित्येकदा ऐकलं होतं, पण पायऱ्या चढणारे खेळाडू बघेपर्यंत बेस 'चढतो' हे मला ऐकू आलं नव्हतं. आता व्हिडिओ नसला तरी पायऱ्या दिसतात. एकदा फक्त ममींकडे बघत बसा, पुढच्या वेळी फक्त सांगाड्यांकडे.

निरभ्र:

कानसेन, लेख आवडला, पण अल्बमला तुम्ही फारच झुकतं माप दिलंय.

'दा फंक', 'अराउंड द वर्ल्ड', 'बर्निन', 'अलाइव्ह' ही गाणी अव्वल आहेत, वादच नाही. पण ७४ मिनिटं? 'हाय फिडेलिटी', 'ओ येह' आणि 'इंडो सिल्व्हर क्लब' यांच्या सुमारास मी दर वेळी घड्याळ बघतो. आणि 'रोलिन अँड स्क्रॅचिन' मला सहनच होत नाही. सात मिनिटांहून जास्त वेळ धातू घासल्यासारखी किंकाळी. एकदा गाडीत लावलं तर सोबतच्यांनी पहिल्या दोन मिनिटांत हात जोडले. पन्नास मिनिटांचा अल्बम झाला असता तर तो निर्दोष झाला असता. नवीन माणसाला पूर्ण अल्बम ऐका म्हणणं म्हणजे त्याला पळवून लावणं.

कानसेन:

निरभ्र, 'ओ येह'बद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही.

पण 'रोलिन अँड स्क्रॅचिन' काढायला मी कधीच तयार होणार नाही. ते लोक गिटार बँडमधून आलेत. ज्या धडधडाटाबद्दल त्यांना शिवी बसली होती तो त्यांनी सोडून दिला नाही, ड्रम मशीनमध्ये घातला. ठेका हाऊसचा, पण वर जे ओरडतंय ते फीडबॅक देणाऱ्या, म्हणजे स्पीकरसमोर धरल्यावर किंचाळणाऱ्या गिटारचं भावंड आहे. आणि ते कर्कश सुरुवातीपासून नसतं हे लक्षात घ्या. आधी नुसता ठोका, मग खरखर, मग ती किंकाळी पायरी पायरीने वाढते. गाडीत लहान स्पीकरवर ते खरंच असह्य होतं, मान्य. मोठ्या स्पीकरसमोर उभं राहून ऐकलं की तीच किंकाळी छातीत ठोका बसल्यासारखी लागते आणि मग ती थांबल्यावरची शांतता वेगळीच असते.

लांबीचं म्हणाल तर हा अल्बम दोन तबकड्यांचा, चार बाजूंचा आहे. बाजू पालटायला उठावं लागतं, तिथे आपोआप विसावा मिळतो. सलग ७४ मिनिटं ही सीडीने लावलेली सवय. नवीन माणसाने एका वेळी चार गाणी ऐकावीत, हे माझं खरंच मत आहे.

सुरपेटी:

अजून कुणी 'रेव्होल्यूशन ९०९'बद्दल कसं बोललं नाही? माझं सर्वांत आवडतं.

सुरुवात आठवा. पार्टीचा दबलेला आवाज, मग सायरन, मग पोलिसाचा भोंगा: संगीत बंद करा, घरी जा. आणि त्याच्यावर कुरघोडी करत ठेका सुरू होतो. हे काही नाट्यासाठी घातलेलं नाही. १९९५ मध्ये फ्रान्सच्या गृहखात्याने रेव्ह पार्ट्यांविरुद्ध परिपत्रक काढलं होतं, धोक्याचे प्रसंग म्हणून. त्यानंतर परवानग्या नाकारणं, ऐनवेळी कार्यक्रम बंद पाडणं हे नेहमीचं झालं. म्हणजे ज्या वर्षी 'दा फंक' सोमावर आलं, त्याच वर्षी त्यांच्याच देशात ते वाजवायला जागा मिळणं अवघड होत होतं.

मी कॉलेजात असताना एका छोट्या कार्यक्रमात संगीत लावत होते. वेळ संपायला वीस मिनिटं होती, सगळे रंगात आले होते, आणि व्यवस्थापकाने येऊन सरळ मुख्य बटण बंद केलं. दिवे लागले. त्या क्षणी लोकांचे चेहरे कसे दिसतात ते मी विसरलेले नाही, कुणालाच कुणाकडे बघवत नव्हतं. या गाण्यात मला दर वेळी तो क्षण उलटा होताना ऐकू येतो. भोंगा हरतो आणि ठेका जिंकतो.

आणि व्हिडिओ! रोमन कोपोलाचा. पोलीस पार्टीवर येतात, एका मुलीला थांबवतात. तिला अधिकाऱ्याच्या कॉलरवर टोमॅटोच्या सॉसचा डाग दिसतो. तिथून व्हिडिओ मागे जातो: टोमॅटोचं बी, रोप, तोडणी, वाहतूक, एक बाई तो सॉस रांधते, पाककृतीच्या पायऱ्या पडद्यावर येतात, डबा भरला जातो, अधिकारी गाडीत बसून खातो आणि डाग पडतो. परत पार्टीत. तो खाली मान घालून डाग बघतो तेवढ्यात मुलगी निसटते. जो माणूस पार्टी बंद करायला आलाय त्यालाही कुणीतरी मायेने डबा भरून दिलाय, हे दाखवायला किती मोठं मन लागतं.

ठेका:

सुरपेटी, सुंदर लिहिलंत. नावातल्या ९०९ बद्दल थोडी भर घालतो.

रोलंड टीआर-९०९ हे १९८३ चं ड्रम मशीन. किक, स्नेअर, टाळी हे आवाज त्यात सर्किटमधून तयार होतात. हायहॅट आणि सिंबल मात्र खऱ्या झांजांचे डिजिटल नमुने आहेत, तेही जेमतेम दर्जाचे, म्हणून ते किंचित खरखरीत लागतात. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून बाजारात ते चाललं नाही आणि एक-दोन वर्षांत उत्पादन बंद झालं. त्याच कंपनीच्या टीबी-३०३ ची गोष्टही तशीच. गिटार वाजवणाऱ्याला सरावासाठी सोबत म्हणून बेस देणारी ती पेटी, कुणी घेईना. ही यंत्रं जुन्या बाजारात स्वस्त झाली आणि शिकागो-डेट्रॉइटच्या पोरांच्या हाती पडली. १९८७ मध्ये फ्यूचर या त्रिकुटाने ३०३ ची बटणं गाणं चालू असतानाच पिरगाळून 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' केलं आणि अ‍ॅसिड हाऊस जन्माला आलं. 'दा फंक'च्या उत्तरार्धात जो ओला, वळवळणारा सूर येतो तो त्याच पेटीचा वारसा.

आणि 'दा फंक' नीट मोजून बघा. मिनिटाला ११० च्या आसपास ठोके. हाऊस साधारण १२० च्या पुढे धावतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जी-फंक या हिप-हॉप प्रकाराची संथ ऐट त्यांना हवी होती. 'टीचर्स'च्या यादीत जी-फंकवाला डॉक्टर ड्रे आहे तो त्यासाठी.

अनाहत:

चर्चा छान चाललीये, पण 'टीचर्स'बद्दल कानसेन जे म्हणतात त्यावर मला थांबावंसं वाटतं.

हाऊस कुठून आलं ते आपण विसरायला नको. शिकागोचा 'वेअरहाऊस' क्लब, तिथे १९७७ पासून फ्रँकी नकल्स वाजवत होता. येणारे मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण, त्यांत कितीतरी समलिंगी, ज्यांना इतरत्र मोकळेपणाने नाचताही येत नव्हतं. १२ जुलै १९७९ ला त्याच शहरात कॉमिस्की पार्क मैदानावर ज्या डिस्कोतून हाऊस निघालं त्याच डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग, त्या संगीताचा विरोध म्हणून, स्फोटाने उडवला गेला. अशा वातावरणात ही माणसं ते संगीत जपत राहिली. मग पॅरिसचे दोन मुलगे येतात, ज्यांतल्या एकाचे वडील, दानिएल वांगार्द, स्वतः डिस्कोच्या काळातले नावाजलेले गीतकार-निर्माते. त्यांना मोठ्या कंपनीचा करार मिळतो, जगभर नाव होतं. यादीतल्या बहुतेकांना त्याच्या पासंगालाही पुरेल असं काही मिळालं नाही. नावं घेतली हे चांगलंच, पण नाव घेतल्याने देणं फिटतं का? आभार मानणारा शेवटी मंचावर असतो आणि ज्याचे आभार मानले तो खाली.

मला अल्बम आवडतो. म्हणूनच हे खुपतं.

कानसेन:

अनाहत, प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. देणं फिटलं असं मीही म्हणणार नाही. तो अन्याय एका अल्बमचा नाही, अख्ख्या धंद्याचा आहे, आणि या दोघांना त्याचा फायदा झालाच.

तरी दोन गोष्टी नोंदवतो. यादी नुसती उच्चारून ते मोकळे झाले नाहीत. 'बर्निन'च्या व्हिडिओत शिकागोचे डीजे पाहुणे म्हणून दिसतात. पुढच्या अल्बममध्ये, २००१ च्या 'डिस्कव्हरी'त, यादीतले दोघं प्रत्यक्ष आले. 'वन मोअर टाइम'चा गळा रोमँथनीचा आहे. 'फेस टू फेस' टॉड एडवर्ड्ससोबत केलंय, गायलंही त्यानेच. आणि २०१३ च्या शेवटच्या अल्बमवर एडवर्ड्स पुन्हा आहे, 'फ्रॅगमेंट्स ऑफ टाइम'मध्ये. तो अल्बम २०१४ मध्ये ग्रॅमीत वर्षातला सर्वोत्तम ठरला. म्हणजे १९९७ मध्ये ज्याला गुरू म्हटलं त्याला सोळा वर्षांनीही हाक मारली, आणि गाण्यावर त्याचं नाव लावून मारली.

दुसरी, कराराची. व्हर्जिनकडे जाताना त्यांनी मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी स्वतःकडे ठेवली आणि काय, कसं बाहेर येईल हा निर्णयही. बाविशीत हे सुचणं, यात वडिलांचा अनुभव असणारच. तुमचा मुद्दा इथे आणखी पक्का होतो, कारण शिकागोच्या पोरांना असं सांगणारं घरात कुणी नव्हतं.

अनाहत:

हे पटलं, विशेषतः शेवटचं वाक्य. रोमँथनीचा गळा 'वन मोअर टाइम'मध्ये यंत्रातून इतका बदललाय की कित्येकांना तो माणूस कोण हे कधी कळलंच नाही, तेवढी माझी तक्रार राहू द्या. त्याच्या स्वतःच्या तबकड्या लोकांनी शोधून ऐकाव्यात.

ठेका:

अवांतर: अल्बमच्या श्रेयनामावलीत एक नाव माझ्या आवडीचं, निलेश पटेल. लंडनच्या 'द एक्सचेंज' स्टुडिओत 'होमवर्क'चं मास्टरिंग, म्हणजे तबकडी निघण्याआधीचा आवाजावरचा शेवटचा हात, त्यांनी केलं. खोलीत केलेलं मिश्रण क्लबच्या मोठ्या स्पीकरवर न फाटता वाजलं पाहिजे, आणि तरी खोलीतला कच्चेपणा पुसला जाता कामा नये, हे काम अवघड. बेस एवढा भरलेला असून किक कुठेही बुडत नाही, ती जागा ऐका. २०११ मध्ये ते गेले.

वाचनमात्र:

इथे नेहमी फक्त वाचते, पण आज राहवलं नाही. संपूर्ण धागा एका बैठकीत वाचला. नवख्या माणसाने कुठली चार गाणी आधी ऐकावीत? आणि ते हेल्मेट घातलेले फोटो या अल्बमचे का?

पश्चिमरंग:

वाचनमात्र, हेल्मेट नंतरची, 'डिस्कव्हरी'च्या वेळची. 'होमवर्क'च्या काळात ते फोटो काढताना साधे मुखवटे घालायचे, चेहरा दाखवायचा नाही एवढंच ठरलेलं. मुखपृष्ठावरही ते दोघं नाहीत, साटिनच्या कापडावर भरलेलं नुसतं नाव आहे.

चार गाणी: 'रेव्होल्यूशन ९०९', 'दा फंक', 'अराउंड द वर्ल्ड', 'टीचर्स'. 'दा फंक'चा स्पाइक जोन्झचा व्हिडिओही बघा. कुत्र्याचं डोकं असलेला, पाय प्लास्टरमध्ये घातलेला चार्ल्स न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून कुबडी घेऊन चाललाय, हातात मोठा टेपरेकॉर्डर, त्यातून 'दा फंक' वाजतंय. जुन्या शेजारची मुलगी भेटते, दोघं बसने जायचं ठरवतात. ती चढते. बसवर पाटी, रेडिओला मनाई. तो दारात थबकतो, दार बंद होतं आणि बस निघून जाते. संगीत अख्ख्या व्हिडिओत संवादांच्या मागे वाजत राहतं. स्वतःच्या गाण्याला असं मागे बसवणं पहिल्या अल्बमच्या वेळी कुणाला सुचतं?

रानवाट:

चार दिवसांनी लिहितेय. गृहपाठ करून आलेय.

पश्चिमरंग यांनी सांगितलं तसं फक्त खेळाडूंकडे बघितलं, मग डोळे मिटून फक्त बेस ऐकला. पाचव्या मिनिटाला लक्षात आलं की मी भरकटले नाहीये. बेस जातो तेव्हा मी तो परतायची वाट बघत होते, आणि बोटं टेबलावर चालू होती. निरभ्र यांच्याशी 'रोलिन अँड स्क्रॅचिन'बाबत मी अजूनही सहमत आहे. 'फ्रेश' मात्र कुणीच सुचवलं नव्हतं आणि मला तेच सर्वांत आवडलं, लाटांच्या आवाजासकट.

मग रोज चार चार करत शेवटपर्यंत पोचले. सोळावा तुकडा, 'फंक अ‍ॅड', एक मिनिटाच्याही आतला. ऐकताना वाटलं की हे ओळखीचं आहे, पण कुठे ऐकलं ते सापडेना. ठोके जणू ओढून घेतल्यासारखे येत होते, आधी शेपूट आणि मग आघात. दोन-तीनदा लावलं. शेवटी संगणकावर ती फाइल उघडली आणि उलट दिशेने वाजवली.

'दा फंक' होतं. तीच चाल, सरळ, स्वच्छ. रात्री साडेअकराला मी एकटीच मोठ्याने 'अगं बाई!' म्हणाले. कानसेन, 'टीचर्स'मधली नावं उतरवलेलं ते पान अजून असेल तर इथे टाकाल का? पॉल जॉन्सनपासून सुरुवात करेन म्हणते.

कानसेन:

पान आहे. आज रात्री टाईप करून टाकतो. सुरुवात पॉल जॉन्सनपासूनच करा, यादीतलं पहिलं नाव तेच आहे.